गणपूर्ती

पहिला ठराव तीन तास चालला:
जॅझ हा शब्द लिहायचा कसा.
बुडापेस्टचा एन्द्रे म्हणाला, आम्ही कानावर पडतो तसा लिहितो.
वॉर्सोच्या बोगुमिलला शेवटी दोन झेड हवेच होते,
सोफियाच्या स्पासची तर लिपीच निराळी.
ट्रिएस्टच्या त्या मासळीच्या खानावळीत
उपाशी पोटी, अखेर बिनविरोध ठरलं:
ज्याने त्याने आपापल्या हाताने लिहावा,
वाजवताना मात्र भांडू नये.
मी एकोणीस वर्षांची, टंकलेखनाला बसवलेली.
ठरावाखाली कंसात टाइप केलं, टाळ्या.
टाळ्या झाल्या नव्हत्या. सूप आलं होतं.

सव्वीस देश, एक खोली, तीही समुद्राकडे पाठ केलेली.
डोंगरावरून बोरा सुटला
की फायली आपल्या आपण चाळल्या जायच्या.
वर्गणी डॉलरमध्ये भरावी, असं नियमात होतं.
डॉलर होते कुणाकडे?
बल्गेरियाहून गुलाबाचं अत्तर आलं,
हंगेरीहून आलुबुखारचा मुरंबा,
लाइपझिगच्या पोरांनी ड्रमच्या काठ्या पाठवल्या,
हाताने तासलेल्या, एक जाड एक बारीक.
जमेच्या रकान्यात मी लिहिलं: काठ्या, बारा जोड.
हिशेबतपासनीस एक जोड घरी घेऊन गेला.
शेरा काही मारला नाही.

आमचं खरं काम एकच. पत्र.
आपणांस वादनासाठी सन्मानपूर्वक निमंत्रण,
आणि खाली गोल निळा शिक्का, मधोमध ट्रम्पेट.
कोरणाऱ्याने नळीला एक वळण जास्तच दिलं होतं,
तसलं ट्रम्पेट जगात कुणालाही फुंकता आलं नसतं.
पण चौकीवरचा शिपाई ते निरखून बघायचा
आणि फाटक वर जायचं.

तालिनच्या उर्मासचं पत्र सात वेळा परत आलं.
आठव्या वेळी तो स्वतः आला,
ओल्या कोटात, मोकळ्या हातांनी.
सॅक्सोफोन सीमेवर ठेवून घेतला होता.
उसन्यावर वाजवलं. त्याची खालची एक कळ अडकायची,
तो स्वर चुकवत चुकवत त्याने दोन तास काढले,
खड्डे ठाऊक असलेल्या रस्त्यावरून
अंधारात घरी जाणारा माणूस जातो, तसे.
इतिवृत्तात मी लिहिलं: कार्यक्रम समाधानकारक.

मग एका नोव्हेंबरात फाटकंच गेली.
आम्ही टेबलांवर चढून नाचलो,
फुटलेल्या ग्लासांचं बिल अजून फाइलीला आहे.
पुढच्या वर्षी टपाल रोडावलं.
उर्मास गावात येऊन वाजवून गेला,
मला ते भिंतीवरच्या पोस्टरवरून कळलं, चार दिवसांनी.
राग कसला? तिकीट काढायचं, गाडीत बसायचं.
कुलूपच गेल्यावर किल्लीला कोण पुसतो.

पुढचं सगळं कुठल्याही मंडळात होतं तसंच.
अध्यक्ष दोन झाले, एक ओस्लोत, एक मिलानमध्ये,
दोघांची पत्रं एकाच दिवशी, दोन वेगळ्या रंगांची.
त्रैमासिक वार्षिक झालं, मग कधीतरी.
एन्द्रे वारला. दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदक मिळेना
म्हणून मीच हात वर केला,
मला मताचा अधिकार नसताना.

विसर्जनाच्या सभेला तेरा जण हजर हवेत, असं घटनेत आहे.
खानावळीच्या मालकाच्या नातवाने विचारलं, किती जणांचं टेबल?
तेरा, मी सवयीने म्हणाले.
त्याने तीन टेबलं जोडली.
आलो आम्ही पाच. स्पासला तर ऐकूही येत नव्हतं,
तो प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत राहिला.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
ती अजून तहकूबच आहे.
टपालपेटीचं भाडं मी भरते, कुणाला न सांगता.

मागच्या मार्चात पेटीत एक पाकीट होतं. मिन्स्कचं.
मुलगी ट्रॉम्बोन वाजवते. वय एकोणीस.
पत्ता कुठल्याशा जुन्या रेकॉर्डच्या पाठीवर मिळाला, म्हणते.
निमंत्रणाचं पत्र मिळेल का?

यंत्र नीट चाललं, फक्त एक अक्षर अर्धं उठतं.
शिक्क्याची गादी कोरडीठाक.
जरा थुंकी लावली, दोन्ही हातांनी दाबला.
वर्तुळ नाही, नाव नाही,
ते एक जास्तीचं वळण तेवढं उमटलं.